गेरू की मोरपंखी? दोन टोकांच्या रंगांतून एक निवडताना

रंगकाम काढलं की शेडकार्डातले शेकडो चौकोन गळत गळत शेवटी दोनवर येतात आणि तिथेच गाडं अडतं. दोन्ही रंग फिके आणि एकमेकांच्या जवळचे असतील तर फार बिघडत नाही. क्रीम घ्या नाहीतर बदामी, महिन्याभरात काय घेतलं होतं ते आठवतही नाही. पण घरातल्या एकाला गेरूसारखा उबदार, मातकट रंग हवा असेल आणि दुसऱ्याला मोरपंखी, तर मधला मार्ग निघत नाही. दोन्ही डब्यांतला रंग एकत्र केलात तर हाती राखाडी-तपकिरी चिखल येईल, एवढंच.

या लेखात हीच जोडी घेऊन चालू. तुमची जोडी मोहरी आणि जांभळा असेल, गुलाबी आणि शेवाळी असेल, तरी पायऱ्या याच. खोली म्हणून फ्लॅटमधली दहा बाय बाराची, एका खिडकीची बैठकीची खोली धरू.

दोन्ही रंग शेजारी लावू नका

बहुतेक जण नेमकं हेच करतात. भिंतीवर दोन पट्टे शेजारी मारतात, लांब उभं राहून बघतात आणि ठरवतात. दोन क्रीम रंगांमधला फरक बघायला ही पद्धत ठीक आहे. विरुद्ध रंगांच्या बाबतीत मात्र ती फसवते.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा चित्रपडदे विणणारा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता मिशेल शेव्ह्रल हा रसायनतज्ज्ञ. तुमच्या काळ्या रंगात दम नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंग चोख होता. तोच काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की डोळ्याला मरगळलेला दिसत होता. शेजारचा रंग आपल्या डोळ्यातला रंग बदलतो, हे त्यानं पुढे बारकाईनं मांडलं आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तुमच्या भिंतीवरही तेच होतं. गेरूशेजारी मोरपंखी लावला की गेरू आहे त्याहून लाल दिसतो आणि मोरपंखी आहे त्याहून हिरवा-निळा. दोघंही एकमेकांना चढवतात. पुढे चारही भिंती मोरपंखी होतात तेव्हा शेजारी गेरू नसतो. असतं पांढरं छत, क्रीम फरशी आणि तपकिरी दरवाजा. मग नमुन्यात दिसलेली ती झळाळी कुठे गेली म्हणून रंगाऱ्याशी वाद होतो. त्याचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून नियम असा: दोन्ही रंग एकाच जागी, पण एका वेळी एकच. दुसरा तोवर नजरेआड.

आधी खोलीचा उजेड ओळखा

इंटरनेटवर वाचाल की उत्तरेकडच्या खोलीत उजेड थंड असतो, तिथे उबदार रंग घ्या. हा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच असतो. उन्हाळ्यात सूर्य उगवतो आणि मावळतो तोही पूर्व-पश्चिमेच्या जरा उत्तरेला. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरकी उन्हं शिरतात. आपला खरा प्रश्न पश्चिमेच्या खिडकीचा आहे. दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत तिथून पिवळट-केशरी, डोळ्यांवर येणारा उजेड आत घुसतो. अशा खोलीत गेरू लावला तर संध्याकाळी पाच वाजता भिंती तापलेल्या वाटतात. पंखा तेवढाच फिरत असतो, पण खोलीत बसवत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खिडकीसमोर काय आहे. बारा-पंधरा फुटांवर शेजारची बिल्डिंग असेल तर तुमच्या खोलीत येणारा उजेड त्या बिल्डिंगच्या भिंतीवरून परतून येतो आणि तिचाच रंग घेऊन येतो. समोर विटकरी भिंत असेल तर तांबूस, समोर आंब्याचं झाड असेल तर हिरवट. खिडकीला रंगीत काच किंवा फिल्म असेल तर तिचाही हिशेब धरा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. रंगकाम गणपतीआधी किंवा दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतं, त्यामुळे रंग ठरतो तो बहुतेक वेळा श्रावण-भाद्रपदातल्या ढगाळ उजेडात. हा उजेड पसरट आणि थोडा निळसर असतो. त्यात मोरपंखी खोल, शांत दिसतो आणि गेरू जरा मळकट. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं आणि पारडं फिरतं. पावसाळ्यातच ठरवणं भाग असेल तर उघडीप मिळेल तो दिवस नमुने बघायला राखून ठेवा.

दोन्हींचा गडदपणा सारखा घ्या

गडद मोरपंखी आणि फिका गेरू समोर ठेवून जो वाद होतो, तो रंगाचा नसतोच. तो गडद हवं की फिकं याचा असतो. तो वाद आधी मिटवा.

काही शेडकार्डांवर किंवा कंपन्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक छटेसोबत ‘एलआरव्ही’ असा आकडा दिलेला असतो. रंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे किती टक्के परत येतो, ते तो सांगतो. ऐंशीच्या पुढे पांढरट रंग, विसाच्या खाली चांगलेच गडद. तुमच्या दोन छटांचे आकडे चार-पाचच्या फरकात आहेत ना, ते बघा. आकडा मिळत नसेल तर दोन्ही चौकोन एका फ्रेममध्ये धरून मोबाइलनं फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर जोडी बरोबरीची. इथे मात्र दोन्ही शेजारी हवेत, कारण आपण रंग बघतच नाही आहोत.

आकडा पंधराच्या आसपास असेल आणि चारही भिंती त्याच रंगात करायच्या असतील तर एक ट्यूबलाइट पुरणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

नमुना भिंतीवर नको, फळीवर

शेडकार्डाचा चौकोन दोन बोटांएवढा आणि छापील. त्यावर निर्णय घ्यायचा नाही. मोबाइलमधली ‘तुमची खोली रंगवून बघा’ वाली ॲप करमणुकीला बरी. स्क्रीनचा रंग स्वतःच्या उजेडातून येतो, भिंतीचा परतलेल्या उजेडातून. दोन्ही जुळतील कसे?

दुकानात दोन्ही छटांचे नमुना-डबे मागा. मिळाले नाहीत तर सर्वांत लहान पॅक टिंटिंग मशीनवर बनवून घ्या. प्रॉडक्ट आणि फिनिश तेच घ्या जे शेवटी लावणार आहात. मॅट आणि चमकदार फिनिशमध्ये एकच छटा दोन वेगळ्या रंगांसारखी दिसते. चमकदार फिनिश अधिक गडद वाटतं आणि खिडकीचं प्रतिबिंबही दाखवतं. दोन्ही नमुन्यांचं फिनिश एकच हवं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आता दोन मोठे तुकडे घ्या: फोम बोर्ड, पातळ प्लायवुड किंवा जाड कार्डशीट. निदान दोन बाय दोन फूट. त्यावर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रोलरनं रंगाचे दोन हात. ब्रशनं नको, कारण भिंतीवर रोलरच फिरणार आहे आणि त्याचा पोत वेगळा. रंग अगदी कडेपर्यंत न्या. पांढरी किनार सोडली की आतला रंग उगाच गडद वाटतो. पाठीमागे छटेचा नंबर, प्रॉडक्टचं नाव आणि फिनिश लिहा.

ओला इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) दुधट, फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. त्यामुळे हात मारल्यावर लगेच ‘हा तर फारच फिका’ म्हणून फोनाफोनी करू नका. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवा आणि खरी छटा दुसऱ्या दिवशी बघा.

भिंतीवरच थेट पट्टे का मारायचे नाहीत? एक तर भोवती जुना रंग असतो आणि तोही डोळ्याला फसवतो. शिवाय रोलरचा काठ उमटतो. नंतर घासून काढला नाही तर नव्या रंगाखालून तिरक्या उजेडात तो वर्षानुवर्षं दिसत राहतो. आणि फळी उचलून चारही भिंतींवर नेता येते, पट्टा नेता येत नाही.

बघायचं कसं

पहिल्या दिवशी फक्त गेरूची फळी बाहेर काढा, मोरपंखी दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी उलट. एकाच दिवशी दोन्ही बघायचे असतील तर मध्ये पाचेक मिनिटं खिडकीबाहेर बघा, चहा घ्या. कारण गेरूकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे बघितलंत तर तिथे निळसर-हिरवा ठिपका तरंगताना दिसतो. करून बघा. लाल बघून थकलेला डोळा त्याच्या विरुद्ध रंगाकडे झुकतो. लगेच मोरपंखी समोर धरला तर त्यात हा ठिपका मिसळतो आणि तो हकनाक जिंकतो.

फळी चार ठिकाणी ठेवून बघा. खिडकीसमोरच्या भिंतीवर रंग सर्वांत खरा दिसतो. खिडकीच्या भिंतीवर तो सर्वांत काळवंडतो, कारण उजेड मागून येतो आणि डोळे दिपतात. बाजूच्या भिंतीवर चढत-उतरत जातो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि छटा दाट होते. शक्य असेल तर एकाच रंगाच्या दोन फळ्या करून कोपऱ्यात काटकोनात उभ्या करा. पूर्ण खोली कशी वाटेल याचा सर्वांत जवळचा अंदाज तिथे मिळतो.

वेळा तुमच्या घरच्या घ्या. दिवसभर घराला कुलूप असेल तर दुपारी बारा वाजता भिंत कशी दिसते याला काय महत्त्व? सकाळी डबे भरताना, संध्याकाळी घरी आल्यावर, रात्री जेवताना बघा. प्रत्येक वेळी वहीत एक-दोन शब्द लिहा: ‘उबदार’, ‘मळका’, ‘झोप येते’, ‘दवाखाना’. चार दिवसांनी ही वहीच बोलते. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, कारण चारचौघांत विचारलं की सगळे सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाजूनं जातात.

दिवेलागणीची ती पंधरा-वीस मिनिटं, बाहेर अंधारतंय आणि आत दिवा लावलेला नाही, ती मोजू नका. मंद उजेडात डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा टिकून राहतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १९व्या शतकातच हे नोंदवलं होतं. त्या वेळी गेरू जवळजवळ काळा वाटेल. ती चूक गेरूची नाही.

दिवे बदलून बघा

माझ्या मते अर्ध्याहून जास्त निर्णय इथेच होतो, आणि यावर सर्वांत कमी वेळ दिला जातो. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब किंवा बॅटन असते (केल्विनचा आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर; लहान असेल तर पिवळसर). त्या निळसर उजेडात गेरूतली ऊब निघून जाते आणि तो तपकिरी-उदास दिसतो. मोरपंखी मात्र निळ्याकडे झुकतो आणि स्वच्छ दिसतो. तीच खोली ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली बघा. गेरू उजळून निघतो, मोरपंखी हिरव्याकडे सरकतो आणि खोल होतो. ४००० केल्विन या दोहोंमधला. दोघांशीही तो बऱ्यापैकी न्यायानं वागतो.

म्हणून एक पिवळसर आणि एक ४००० चा बल्ब आणून नमुने पुन्हा बघा. दोन बल्बांचा खर्च एका लिटर रंगाच्या पुढे जात नाही. खोक्यावर ‘सीआरआय’ बघायलाही विसरू नका: ८० च्या खालचा घेऊ नका, ९० मिळाला तर छान. हा आकडा दिवा रंग किती खरे दाखवतो ते सांगतो. स्वस्त दिव्यांत लाल छटा सर्वांत आधी मारल्या जातात, म्हणजे नुकसान पुन्हा गेरूचंच.

दिवे बदलायची तयारी नसेल, ट्यूबच राहणार असेल, तर मी गेरूचा हट्ट सोडायला सांगेन. रात्री सगळे घरी असतात तेव्हाच तो वाईट दिसणार.

खोलीतलं न बदलणारं सामान

फरशी, दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, सोफा. या गोष्टी रंगासोबत बदलणार नाहीत. सागवानी किंवा सागाच्या रंगाचं लॅमिनेट असलेल्या दरवाजाशेजारी गेरूची फळी धरा. दोन्ही एकाच कुळातले, त्यामुळे दरवाजा भिंतीत विरतो. काहींना हे आवडतं, मला ते एकसुरी वाटतं. मोरपंखीशेजारी तेच लाकूड तांबूस होऊन उठून दिसतं. पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पडलेला उजेड भिंतीवर जातो आणि भिंतीचा रंग छतावर. गडद मोरपंखी खोलीत पांढरं छतही दुपारी हिरवट दिसलं तर दचकू नका. आरसा असलेल्या खोलीत हीच छटा चेहऱ्यावरही येते, म्हणून तयार होण्याच्या खोलीत मोरपंखी मी टाळतो.

ओल असेल तर दोन्ही रंग बाजूला ठेवा. बाहेरच्या भिंतीतून पाझर असेल तर क्षाराचा पांढरा, बुरशीसारखा थर गडद रंगावर दुरूनही दिसतो आणि वर्षभरात पोपडे सुटतात. आधी गळतीचा बंदोबस्त, मग भिंत पूर्ण वाळू देणं, मग लांबी (पुट्टी) भरून घासणं. रंगाची वेळ त्यानंतर.

किती लागेल, किती पडेल

दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. उंची १० फूट धरली तर ४४० चौरस फूट. दरवाजा २१ आणि खिडकी २० वजा केली की जेमतेम ४०० उरतात. लांबी भरून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं. म्हणजे तीन लिटर आणि थोडं वर.

गडद छटांना तिसरा हात लागू शकतो, आणि इथे दोन रंग सारखे नसतात. गेरूच्या छटांत बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडचं रंगद्रव्य असतं. ते भिंत चांगली झाकतं आणि उन्हानं सहसा उडत नाही. मोरपंखीमधली निळी-हिरवी द्रव्यं जोरकस असली तरी पारदर्शक असतात, त्यामुळे खालचा पांढरा डोकावतो. त्यासाठी चार-साडेचार लिटरचा हिशेब ठेवा किंवा प्रायमरलाच राखाडी छटा द्यायला सांगा, म्हणजे एक हात वाचू शकतो. किंमत विचारताना ‘या प्रॉडक्टचा भाव काय’ असं न विचारता छटेचा नंबर सांगून विचारा. एकाच प्रॉडक्टमध्ये गडद छटेचा डबा फिक्या छटेहून बराच महाग पडू शकतो. मजुरीतही तिसरा हात धरला आहे का, हे रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

दोन्ही हवेच असतील तर

वाद मिटलाच नाही तर एक भिंत एकाची, बाकी तीन पांढऱ्यासारख्या फिक्या, असा तह होतो. चालतो. पण दोन्ही रंग एकाच खोलीत आणायचे असतील तर आता मात्र फळ्या शेजारी ठेवूनच बघा, कारण आता ते खरंच शेजारी राहणार आहेत. सारख्या गडदपणाचे दोन विरुद्ध रंग एका रेषेवर भिडले की ती रेषा डोळ्यांना थरथरल्यासारखी वाटते. त्यामुळे आधी साधलेली बरोबरी इथे मोडा: एक गडद, दुसरा बराच फिका. प्रमाणही अर्धं-अर्धं नको. एका भिंतीचा मोरपंखी आणि गेरू फक्त उशांच्या अभ्र्यांत, पडद्यात, एखाद्या कोनाड्यात पुरे होतो. भिंतीवरच बदल करायचा तर तो आतल्या कोपऱ्यावर करा, बाहेर आलेल्या धारेवर नको. मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी, तिरकी ओढून काढा. उशीर केला तर रंगाची साल सोबत येते.

मला विचाराल तर पश्चिमेची खिडकी आणि पांढरी ट्यूब असलेल्या खोलीला मोरपंखी, आणि रात्रीच वापरात असलेल्या, पिवळसर दिव्यांच्या जेवणाच्या खोलीला गेरू.

ऑर्डर देताना

छटेचं नाव, नंबर, प्रॉडक्ट आणि फिनिश कागदावर लिहून द्या. एका कंपनीची छटा दुसरीच्या मशीनवर ‘मॅच करून’ घेऊ नका, ती जवळपास येते, तीच येत नाही. रंगारी स्टेनरच्या (रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याच्या) बाटल्या घालून ‘तस्साच बनवून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. दोन वर्षांनी टचअपला तो रंग त्यालाही पुन्हा जमणार नाही. सगळे डबे एकाच वेळी घ्या, बॅच नंबर जुळवा आणि भिंतीला हात लावण्याआधी ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. अर्धा लिटर रंग लहान घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, त्यावर छटेचा नंबर आणि तारीख लिहा आणि डबा बाल्कनीत नाही, कपाटात ठेवा.